वेगवान नौकेच्या इंजिनातील तेल का तापते?

गोव्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौका ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतरच्या काळात मासेमारीचे यांत्रिकीकरण होत गेले आणि मालीम, कुटबण, वास्को, शापोरा येथील धक्क्यांवर ट्रॉलरांच्या रांगा दिसू लागल्या. पुढे पर्यटकांना समुद्राची सैर घडविणाऱ्या द्रुतगती नौका आल्या. २००५ साली सुरू झालेल्या सागरी सुरक्षा योजनेखाली किनारी राज्यांच्या पोलीस दलांसाठी ज्या २०४ वेगवान नौका बांधण्यात आल्या, त्या वास्को येथील गोवा शिपयार्ड आणि कोलकात्याची गार्डन रीच गोदी या दोन ठिकाणी तयार झाल्या. शिडाच्या जागी इंजिन आले तशी तांडेलाच्या विद्येत एका नव्या विषयाची भर पडली. पूर्वी तो ढग आणि वारा पाहून निर्णय घेत असे; आता त्याला समोरच्या फळीवरील चार-पाच काटेही वाचावे लागतात.

या काट्यांपैकी तेलाच्या तापमानाचा काटा सर्वांत दुर्लक्षित होय. कित्येक नौकांवर तो बसविलेलाच नसतो. जेथे तो आहे तेथेही तो चढू लागला म्हणजे बहुधा दोनच गोष्टी घडतात. एक तर पाण्याचा काटा जागेवर आहे असे पाहून त्याकडे काणाडोळा केला जातो. किंवा धास्तीने इंजिनच खोलण्यास सांगितले जाते. पहिल्या मार्गाने इंजिन भर समुद्रात जाम होण्याचा धोका असतो, आणि दुसऱ्या मार्गाने पुष्कळदा हजारो रुपये खर्च होऊन मूळ दोष तसाच राहतो. तेल तापणे हे दुखण्याचे लक्षण आहे, स्वतः दुखणे नव्हे. अंगात ताप आहे एवढ्यावरून वैद्य शस्त्रक्रियेची तयारी करीत नाही. तो आधी तापमापक तपासतो आणि मग एकेक कारण बाजूला सारीत जातो. इंजिनाच्या बाबतीतही हाच क्रम हितावह ठरतो.

तेलाचे दुसरे काम

वंगण तेल केवळ घर्षण कमी करण्यासाठी असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. इंजिनाच्या ज्या भागांपर्यंत थंड पाणी कधीच पोहोचत नाही, म्हणजे क्रँकशाफ्टची बेअरिंगे, कॅमशाफ्ट, टर्बोचार्जरचा दांडा आणि पिस्टनची खालची बाजू, तेथील उष्णता वाहून नेण्याचे काम तेलच करते. आजच्या बहुतेक टर्बो डिझेल इंजिनांत तर प्रत्येक पिस्टनखाली एक लहान नळी असून तिच्यातून तेलाची धार पिस्टनच्या पोटावर सतत सोडलेली असते. इंजिनावर भार वाढला की ही उष्णता प्रथम तेलात उतरते.

पाण्याच्या तापमानाची गोष्ट वेगळी. तेथे थर्मोस्टॅट असतो. तो पाण्याची वाट कमी-अधिक उघडून तापमान ठरावीक अंशांवर धरून ठेवतो, त्यामुळे भार निम्मा असो वा पूर्ण, काटा जवळजवळ एकाच जागी राहतो. तेलाच्या मार्गात असे नियंत्रण पुष्कळ इंजिनांत नसते, आणि असले तरी ते तेल फार थंड होऊ नये एवढ्याच बेताने बसविलेले असते. म्हणून इंजिनावरील श्रमाची खरी साक्ष तेलाचा काटा देतो. पाण्याचा काटा स्थिर आहे, सबब सर्व ठीक आहे, हा तर्क येथेच फसतो.

किती तापमान योग्य? उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकडा हाच अखेरचा आधार मानावा. ढोबळ मानाने, पूर्ण भारावर चेंबरमधील तेल ९५ ते ११५ अंश सेल्सिअस या मर्यादेत असणे स्वाभाविक आहे. ते १२० च्या पुढे जाऊन टिकू लागले तर कारण शोधावे. १३० च्या पुढे गेले तर वेग उतरवून नौका किनाऱ्याकडे वळवावी. काही पेट्रोल इंजिनांना व कृत्रिम तेलांना याहून थोडी अधिक मुभा असते. उलटपक्षी, जे तेल ८० अंशांपर्यंतही पोहोचत नाही ते निरोगी समजू नये. अशा थंड तेलातून पाण्याचा अंश आणि न जळलेले इंधन उडून जात नाही व चेंबरच्या तळाशी काळा चिखल साचत जातो. ‘तेल जितके थंड तितके चांगले’ असे मानून भलामोठा कूलर बसविणारे मालक नकळत हे दुखणे विकत घेतात.

तापलेल्या तेलाने दोन प्रकारे नुकसान होते. पहिले म्हणजे ते पातळ होते. नेहमीच्या वापरातील १५डब्ल्यू-४० जातीचे तेल १०० अंशांवरून १२० अंशांवर गेले की त्याचा दाटपणा सुमारे एक-तृतीयांशाने घटतो. बेअरिंग आणि दांडा यांच्यामधील तेलाचा पापुद्रा तेवढाच क्षीण होतो. दुसरे म्हणजे ते लवकर म्हातारे होते. तापमान दर १० अंशांनी वाढले की तेलाच्या ऑक्सिडीकरणाचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, असा रसायनशास्त्राचा स्थूल नियम आहे. त्या हिशेबाने जे तेल २०० तास चालावयाचे ते २० अंश अधिक तापल्यास ५० तासांतच निरुपयोगी होईल. तेल बदलण्याची तारीख पाळूनही इंजिन का झिजले, याचे उत्तर कित्येकदा या गणितात सापडते.

नौका सदैव घाट चढते

ट्रकच्या इंजिनाचा अनुभव असलेले मेकॅनिक नौकेच्या इंजिनाबाबत चुकतात, याचे कारण भाराच्या स्वरूपात आहे. बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीस येणारा ट्रक चढणीवर इंजिनाची पूर्ण शक्ती वापरतो, परंतु उतार लागला की इंजिनाला विसावा मिळतो. पाण्यावर उतार नसतो. वेगवान नौका पहिल्या मिनिटापासून अखेरच्या मिनिटापर्यंत जणू घाटच चढत असते.

शिवाय पंख्याचा स्वभाव ध्यानी घ्यावयास हवा. पंखा फिरविण्यास लागणारी शक्ती फेऱ्यांच्या सुमारे घनाच्या प्रमाणात वाढते. शाळेतील मुलांनाही हे गणित करता येईल : पूर्ण फेऱ्यांना १ मानले तर ०.८ फेऱ्यांवर लागणारी शक्ती ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ०.५१२ इतकी होते. फेरे फक्त पाचव्या हिश्श्याने उतरविले आणि इंजिनाचा भार जवळजवळ निम्मा झाला. तेलाचा काटा चढलेला असताना थोडासा वेग उतरविल्याने तो एवढा खाली का येतो, हे यावरून समजते. पंखा प्रमाणापेक्षा थोडासाच मोठा बसविला तरी तेल का उकळू लागते, हेही यावरूनच कळते.

वेगवान नौकेच्या बाबतीत आणखी एक अवस्था असते. मंद गतीने जाणारी नौका पाणी कापत जाते, तर वेगवान नौका पाण्यावर उचलली जाऊन सरकते. या दोहोंच्या मध्ये एक कठीण टप्पा आहे; त्यात नाळ वर उठते, मागची बाजू बसते आणि नौका स्वतःच उठविलेल्या लाटेवर चढण्यासाठी धडपडते. प्रवासी अधिक असले, मागे सामान लादले असले किंवा तळाशी पाणी साचले असले, तर हा टप्पा ओलांडला जात नाही. वेग मध्यम दिसतो, परंतु इंजिनाचे श्रम प्रचंड असतात आणि पंपाने ओढलेले पाणीही अशा वेळी पुरेसे नसण्याचा संभव असतो. अशा अवस्थेत अर्धा तास चालविलेल्या नौकेचे तेल तापले तर त्यात इंजिनाचा दोष नाही.

प्रथम काट्याची परीक्षा

निदानाची पहिली पायरी म्हणजे काटा खरे सांगतो की नाही हे पाहणे. खाऱ्या हवेत तारांचे जोड गंजतात, अर्थिंग सैल होते आणि काटा दहा-वीस अंशांनी खोटे बोलू लागतो. दिवे अथवा पंप सुरू करताच तेलाचा काटा हलत असेल तर तो विजेचा दोष समजावा. तेलाचे तापमान बटण दाबल्याने क्षणात बदलत नसते.

सेन्सरची परीक्षा अगदी साधी आहे. इंजिन थंड असताना सेन्सर काढावा, त्याच्या छिद्राला स्वच्छ बूच लावावे, सेन्सरचे धातूचे अंग एका तारेने इंजिनाच्या धातूला जोडावे आणि त्याचे टोक उकळत्या पाण्यात धरावे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळते, म्हणून फळीवरील काट्यानेही तेथेच येऊन थांबावयास हवे. शाळेतील भौतिकशास्त्राचा पाठ येथे धक्क्यावर उपयोगी पडतो. हाच प्रयोग बेळगावात केला तर मात्र, सुमारे साडेसातशे मीटर उंचीमुळे, पाणी दोन-अडीच अंश आधीच उकळेल, ही गंमत शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी. दोन इंजिनांच्या नौकेत याहूनही सोपी युक्ती आहे. उजव्या व डाव्या इंजिनाचे सेन्सर एकमेकांच्या जागी लावावेत. तक्रार सेन्सरबरोबर दुसऱ्या बाजूस गेली तर इंजिन निर्दोष ठरते.

सेन्सर कोठे बसविला आहे, हेही विचारावे. कूलरमधून नुकतेच बाहेर पडलेले तेल आणि चेंबरमधले तेल यांत दहा-पंधरा अंशांचा फरक असणे साहजिक आहे. तेव्हा शेजारच्या नौकेचा काटा ९५ दाखवितो आणि आपला ११० दाखवितो, एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. दोन्ही आकडे खरे असू शकतात. हल्ली स्वस्तात मिळणाऱ्या, लांबून तापमान मोजणाऱ्या उपकरणाचा चांगला उपयोग होतो. मात्र चकचकीत धातूवर ते कमी अंश दाखविते, म्हणून मोजावयाच्या जागी काळ्या मंद रंगाचा एक ठिपका द्यावा व नेहमी त्याच ठिपक्यावर मोजणी करावी.

भार आणि तेल

काटा खरा ठरल्यावर दुसरा प्रश्न भाराचा. नेहमीचे प्रवासी व नेहमीचे इंधन घेऊन, खुल्या पाण्यात थ्रॉटल पूर्ण उघडावा आणि इंजिन उत्पादकाने सांगितलेले पूर्ण फेरे घेते काय ते पाहावे. फेरे कमी पडत असून धुरांड्यातून काळा धूर येत असेल, तर इंजिनावर त्याच्या ताकदीपेक्षा अधिक भार आहे किंवा त्याला हवा कमी पडते आहे. धूर नाही आणि फेरेही नाहीत, अशा स्थितीत इंधनाची गाळणी तुंबलेली असण्याचा संभव अधिक. जादा भाराची कारणे बहुधा पाण्याखाली असतात : तळाला चिकटलेली कालवे व शेवाळ, पंख्यात गुंतलेला जाळ्याचा दोर, वाकलेले पाते, किंवा अधिक वेगाच्या हौसेने बसविलेला अधिक चालीचा पंखा. यांपैकी कोणतेही कारण इंजिन खोलल्याने दूर होणार नाही, हे सांगावयास नकोच.

नंतर तेल. कमी तेल धोक्याचे, हे सर्वांना ठाऊक आहे. जास्त तेलही तापते, हे फारसे ठाऊक नसते. नौकेत इंजिन मागच्या बाजूस कलते बसविलेले असते. सपाट जमिनीसाठी खूण केलेली डिपस्टिक तशीच वापरली तर तेल प्रमाणाबाहेर भरले जाते, क्रँकशाफ्ट त्यात बुडून ते घुसळते, फेस होतो आणि तापमान चढते. ताक घुसळण्याइतकाच हा साधा प्रकार आहे. न भरताच पातळी वाढलेली आढळली तर तेलात डिझेल उतरत असावे. वासाने ते ओळखता येते. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे.

येथे एका प्रचलित चुकीचा उल्लेख केला पाहिजे. तेल तापून दाब उतरू लागला की पुढच्या खेपेस अधिक जाड तेल भरण्याचा सल्ला धक्क्यावर हमखास दिला जातो. दाबाचा काटा वर येतो आणि मालकाचे समाधान होते. वास्तविक जाड तेलात घर्षण अधिक, कूलरमधून त्याचा प्रवाह कमी, आणि म्हणून तापमान आणखी वाढते. हा उपाय काट्यावर होतो, इंजिनावर होत नाही.

कूलरची झडती

आतापर्यंतच्या परीक्षांत दोष सापडला नाही, तर लक्ष कूलरकडे वळवावे. वेगवान नौकांच्या पुष्कळ इंजिनांत तेलाचा कूलर समुद्राच्या पाण्याने थंड होतो : एका नळकांड्यात बारीक नळ्यांचा जुडगा असतो, नळ्यांतून समुद्राचे पाणी वाहते आणि नळ्यांभोवती तेल खेळते. आपल्या किनाऱ्यावरील पाणी वर्षाचा बराच काळ २७ ते ३० अंश असते; थंड देशांतील पुस्तिकांमध्ये गृहीत धरलेला गारवा येथे मिळत नाही. म्हणून कूलरमधील थोडासा अडथळाही येथे अधिक जाणवतो.

पाण्याची वाट बाहेरून आत पाहत जावी. तळाच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटली असेल तर नौका थांबताच ती सुटते आणि दोष गूढ वाटू लागतो. त्यानंतर तोटी, गाळणी आणि पंप. साळ नदीचे मुख बेतूलजवळ वाळूच्या दांड्याने उथळ झालेले आहे. शापोऱ्याच्या मुखाशीही तोच प्रकार. ओहोटीच्या वेळी अशा ठिकाणाहून जाताना पंप वाळू मिसळलेले पाणी ओढतो. पंपातील रबरी पंखा, ज्याला इंपेलर म्हणतात, तो या वाळूने झिजतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या ६१ दिवसांत ट्रॉलर उभे असतात, तेव्हा त्याची पाती एकाच बाजूस वाकून ताठर होतात आणि ऑगस्टच्या पहिल्या फेरीत तुटतात. इंपेलर बदलताना तुटलेल्या पात्यांचे तुकडे मोजून घ्यावेत. जेवढे तुकडे कमी भरतील तेवढे पुढच्या नळीत किंवा कूलरच्या तोंडाशी अडकलेले आहेत असे निश्चित समजावे. नवा इंपेलर घातला, तरीही तेल तापतेच, अशी तक्रार असल्यास हे तुकडे शोधावेत.

कूलर न खोलताही त्याच्याविषयी बरेच कळू शकते. त्यासाठी चार जागी तापमान मोजावे : तेल आत जाते तेथे व बाहेर येते तेथे, समुद्राचे पाणी आत जाते तेथे व बाहेर पडते तेथे. पुढील काल्पनिक उदाहरणावरून ही रीत स्पष्ट होईल.

समजा, दोन डिझेल इंजिनांची एक नौका पणजीहून निघून आग्वादच्या बाहेर खुल्या समुद्रात पूर्ण वेगाने धावत आहे. डाव्या इंजिनाचे तेल १०८ अंशांवर स्थिर आहे, उजव्याचे १२७ वर गेले आहे. दोन्हीकडे इंजिनातील पाणी ८२ अंशांवर आहे. सेन्सर अदलाबदल करून पाहिले, तक्रार उजवीकडेच राहिली. दोन्ही इंजिने पूर्ण फेरे घेतात, म्हणजे भार समान आहे. तेलाची पातळी व जात तीच आहे. आता चार जागी मोजणी केली. डावीकडे तेल १०८ वर आत जाऊन ९६ वर बाहेर येते, आणि समुद्राचे पाणी २९ वर आत जाऊन ३६ वर बाहेर पडते. उजवीकडे तेल १२७ वर आत जाते आणि १२२ वर बाहेर येते. पाणी २९ वरून फक्त ३२ वर जाते.

डावा कूलर तेलातून १२ अंश काढून घेतो व पाण्याला ७ अंश देतो. उजवा ५ अंशच काढतो व ३ अंशच देतो. दोन्हीकडे देण्या-घेण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच आहे, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंस सारखेच वाहते. पाणी कमी पडत असते तर ते थोडे असल्यामुळे अधिक तापून, ४० किंवा त्याहून अधिक अंशांवर, बाहेर पडले असते. तेव्हा उजवीकडे पाणी आहे, तेल आहे, परंतु उष्णता एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. याला दोनच कारणे संभवतात. नळ्यांवर क्षाराचा किंवा चिखलाचा थर बसला असेल, अथवा तेलाला कूलर चुकवून परस्पर नेणारा झडपेचा मार्ग उघडाच अडकला असेल. चार आकड्यांनी शोध कूलर आणि त्याची झडप येथवर आणून सोडला. पिस्टन व बेअरिंगे यांना हात लावण्याचे प्रयोजन उरले नाही.

तिसराही एक निकाल संभवतो. कूलर तेलातून भरपूर उष्णता काढतो आहे, पाणीही यथायोग्य वाहते आहे, आणि तरी चेंबरमधील तेल चढतेच आहे, असे आकडे आले तर कूलर आपले काम चोख करीत आहे. इंजिनच जादा उष्णता निर्माण करीत आहे. तेव्हाच, आणि तेव्हाच, इंजिनाच्या आत पाहावे. झिजलेल्या रिंगांवरून निसटणारे जळते वायू, घासणारे बेअरिंग, इंधन सोडण्याची चुकलेली वेळ, टर्बोचा बिघाड, धुराच्या मार्गातील अडथळा ही तेथील नेहमीची कारणे होत. तेल भरण्याच्या झाकणातून वाफेचे लोट येत असल्यास रिंगांचा संशय घ्यावा. ही पाहणी इंजिन मंद चालत असताना व तोंड दूर ठेवून करावी. यंत्रखोलीत हवा पुरेशी खेळते की नाही, हा प्रश्न मात्र त्याही आधी विचारण्यासारखा आहे. झाकणे उघडी ठेवून नौका चालविताच तापमान उतरले, तर वायुवीजनाचा खर्च इंजिनाच्या दुरुस्तीपेक्षा पुष्कळच कमी येतो.

क्षार बसलेला कूलर साफ करताना उत्पादकाने सांगितलेलेच द्रावण वापरावे आणि सांगितला तेवढाच वेळ ठेवावे. तीव्र आम्लाने थराबरोबर नळीही खाल्ली जाते, आणि छिद्र पडलेल्या कूलरमधून तेल समुद्रात व समुद्र तेलात जातो. कूलरमध्ये जस्ताच्या कांड्या असल्यास त्या अर्ध्याहून अधिक झिजताच बदलाव्यात. खारे पाणी धातूला खाते. या कांड्या तो मारा स्वतःवर घेतात. झिजलेली कांडी ही तक्रारीची बाब नसून ती काम करीत असल्याची खूण आहे.

समुद्रात काटा चढल्यास

धक्क्यावर निदान करावयास सवड असते, समुद्रात ती नसते. तेलाचा काटा चढताना दिसला तर प्रथम दाबाचा काटा पाहावा. दाब पुस्तिकेतील किमान आकड्याखाली आला असेल किंवा इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज येत असेल, तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे. दाब ठीक असल्यास एकदम बंद करू नये. वेग हळूहळू उतरवावा आणि गिअर काढून काही मिनिटे इंजिन मंद चालू द्यावे, म्हणजे पिस्टन व टर्बो यांची उष्णता तेलाबरोबर निघून जाते. दरम्यान धुराबरोबर पाणी बाहेर पडते की नाही ते पाहावे. पाण्याची वा तेलाची झाकणे गरम इंजिनावर उघडू नयेत. तेलाची फुटकी नळी धुरांड्याच्या तप्त भागावर उडाली तर आग लागण्यास वेळ लागत नाही, म्हणून यंत्रखोलीचे दार उघडण्यापूर्वी अग्निशामक हाताशी घ्यावा. इंजिन बंद पडून नौका वाहू लागल्यास व्हीएचएफच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या दूरध्वनीवर संपर्क साधावा.

एकदा फार तापलेले तेल, त्याचा रंग बरा दिसला तरी, पुन्हा वापरू नये. तेल व गाळणी दोन्ही बदलावीत, आणि काढलेली गाळणी फेकण्यापूर्वी कापून तिच्या घड्या पांढऱ्या कापडावर उलगडून पाहाव्यात. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे. रुपेरी व न चिकटणारे कण पिस्टनचे किंवा बेअरिंगच्या वरच्या थराचे असू शकतात. तांबूस कण दिसले तर बेअरिंग आतल्या थरापर्यंत झिजले आहे. अशा वेळी मात्र इंजिन खोलावेच लागते. घड्या स्वच्छ निघाल्या तर तेल तापले तरी इंजिन बचावले, असे मानण्यास हरकत नाही.

नौकेवर एक वही ठेवावी. नवे तेल भरल्यावर व तळ स्वच्छ असताना, ठरलेल्या फेऱ्यांवर, दहा मिनिटे स्थिर वेगाने चालल्यानंतर तेलाचे तापमान, तेलाचा दाब, पाण्याचे तापमान आणि त्या दिवशीच्या समुद्राचे तापमान असे चार आकडे तीत लिहावेत. दर पंधरवड्यास त्याच रीतीने पुन्हा नोंद करावी. कूलरमध्ये थर एका दिवसात बसत नाही. काटा १०८ वरून ११०, ११३, ११७ असा महिनोन्‌महिने सरकत असतो, आणि रोज पाहणाऱ्या डोळ्याला ते दिसत नाही. वहीत ते दिसते. काढलेले जुने तेल नदीत किंवा धक्क्याच्या कडेला ओतू नये. ते पिंपात साठवून जुने तेल घेणाऱ्या अधिकृत परवानाधारकाकडे द्यावे.